बांधा सडपातळ, तरी मांड्यांवर सेल्युलाइट: काय केल्याने कमी दिसतं आणि काय केल्याने वाढतं

वजनकाट्यावर ४८ किंवा ५० किलो, कंबर बारीक, आणि तरीही मांडीच्या मागच्या बाजूला, नितंबांच्या खाली, कधी गुडघ्याच्या वर खळगे दिसतात. घरात सांगावं तर "बारीक तर आहेस, अजून काय पाहिजे?" असं ऐकावं लागतं. इंटरनेटवर शोधावं तर पहिला सल्ला असतो वजन कमी करा. सडपातळ बाईसाठी हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तो उलटा पडतो. म्हणून हा लेख खास त्यांच्यासाठी, ज्यांना कमी करायला चरबी फारशी नाहीच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. सेल्युलाइट, म्हणजे त्वचेवर दिसणारे हे खळगे, हा आजार नाही. वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के स्त्रियांना तो कमीअधिक प्रमाणात असतो. तो पूर्ण पुसून टाकणारा उपाय आज उपलब्ध नाही. त्याचं दिसणं कमी करता येतं, आणि ते नीट केलं तर डोळ्यांना कळण्याइतकं कमी होतं. "कायमचा घालवू" असं कुणी म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नका.

१. खळगे का पडतात ते समजून घ्या

त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि त्या थरातून त्वचेला खालच्या स्नायूशी बांधणारे तंतुमय पट्टे जातात. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्युलर या जर्मन संशोधकांनी दाखवलं की पुरुषांत हे पट्टे तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, तर स्त्रियांत बरेचसे सरळ उभे. उभ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेतून चरबी वर ढकलली जाते, पट्टा मात्र त्वचेला खाली ओढून धरतो. जिथे पट्टा ओढतो तिथे खळगा, मध्ये उंचवटा. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते ती यामुळे.

यात चरबी हा चार घटकांपैकी फक्त एक आहे. पट्ट्यांची ताठरता, त्वचेची जाडी आणि खालच्या स्नायूचा आधार हे बाकीचे तीन. सडपातळ स्त्रीत बहुतेक वेळा हे तीनच काम बिघडवतात: त्वचा पातळ असते, मांडीचा आणि नितंबांचा स्नायू लहान असतो, त्यामुळे वरचं आवरण सैल पडतं. आनुवंशिकता आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक यांचा वाटा वेगळा, आणि त्यांवर आपला काही इलाज नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीररचनेवर जे काम केलं, त्यातून 'बारीक पण चरबीयुक्त' हा भारतीय बांधा जगासमोर आला. उंची-वजनाचं गुणोत्तर युरोपियन माणसाइतकंच असलं तरी भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणजे काटा ५० दाखवतो तेव्हा त्या ५० किलोंत स्नायू किती हे काटा सांगत नाही.

२. हे सेल्युलाइटच आहे ना, तपासा

आरशासमोर पाठ करून, स्नायू सैल सोडून उभ्या राहा. न्यूर्नबर्गर-म्युलर यांची साधी प्रतवारी अशी:

- शून्य: चिमटीत धरूनही खळगे दिसत नाहीत.
- पहिली: उभं राहून, झोपून त्वचा सपाट, चिमटीत धरली किंवा स्नायू आवळला की खळगे दिसतात.
- दुसरी: नुसतं उभं राहिलं तरी दिसतात, झोपल्यावर जातात.
- तिसरी: उभं आणि आडवं, दोन्ही वेळा दिसतात.

पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीत व्यायाम आणि त्वचेची काळजी यांनी चांगला फरक पडतो. तिसऱ्या प्रतीत, किंवा दोन-चार ठळक, खोल खड्डेच असतील तर, घरच्या उपायांनी भागत नाही.

आता एक चाचणी करा, जी पुढे क्लिनिकमध्ये उपयोगी पडेल. उभ्या असतानाच खळग्यांच्या वरची त्वचा तळहाताने हळूच वर ओढा. खळगे नाहीसे झाले तर मुख्य अडचण त्वचेच्या सैलपणाची आहे. वर ओढूनही खड्डा तसाच राहिला तर तो पट्ट्याने ओढलेला आहे. या दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि नेमकी इथेच गल्लत करून पैसे वाया जातात.

सेल्युलाइटसारख्या दिसणाऱ्या काही गोष्टींसाठी आधी डॉक्टर गाठायला हवा:

- दोन्ही पाय सारखेच जाड, दाबलं की दुखतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, पण पावलं मात्र बारीक: हे लिपिडीमा, म्हणजे पायांत असाधारण चरबी साठण्याचा आजार, असू शकतं. बारीक कंबरेच्या स्त्रियांतही ते आढळतं आणि वर्षानुवर्षं ओळखलं जात नाही.
- इंजेक्शन दिलेल्या जागी पडलेला एकटा खड्डा: स्टेरॉइड किंवा इन्सुलिनच्या इंजेक्शनाने तिथली चरबी विरघळते.
- लाल, गरम, दुखऱ्या गाठी.
- एकाच पायाला अचानक सूज, पोटरीत दुखणं: रक्तवाहिनीत गुठळी असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी दाखवा.

शोधताना 'सेल्युलायटिस' हा शब्दही समोर येईल. तो त्वचेचा जिवाणूसंसर्ग आहे, ताप आणि लाली घेऊन येतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतं. त्याची औषधं वाचून स्वतःवर प्रयोग करू नका.

३. डाएट थांबवा

बॉडी मास इंडेक्स काढा: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १.५८ मीटर आणि वजन ५० किलो असेल तर उत्तर येतं २०. भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हा सामान्य पट्टा धरतात. त्यात असाल तर वजन कमी करायचं नाही. १८.५ च्या खाली असाल तर पहिलं काम वजन वाढवण्याचं, आणि तेही स्नायूच्या रूपात.

बारीक बाई आणखी कमी खाते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. आतला आधार घटतो, वरची त्वचा तेवढीच राहते, मग ती लोंबते आणि खळगे आणखी उठून दिसतात. लग्नाच्या दोन महिने आधी सूप आणि काकडीवर राहिलेल्या मुलींच्या मांड्या बारीक झाल्या तरी गुळगुळीत होत नाहीत, त्या यामुळे.

४. जमवायचं साहित्य

- शिंप्याची मोजपट्टी आणि फोन
- ४ ते ५ किलोचे दोन डंबेल. नसतील तर मजबूत बंदांची पाठीवरची सॅक आणि एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या. एक बाटली म्हणजे साधारण एक किलो
- गुडघ्यांवर घालायचा रबरी बँड, शक्यतो कापडी. पातळ रबराचा बँड गुंडाळत वर सरकतो आणि केस ओढतो
- न हलणारी खुर्ची किंवा दिवाण, आणि ३० ते ४० सेंटिमीटर उंचीची पायरी
- एक वही

महागड्या मशीन, घाम आणणारे पट्टे, मांडीला गुंडाळायचे प्लास्टिक यांपैकी काहीही लागत नाही. प्लास्टिक गुंडाळून घाम काढल्याने पाणी जातं, जे पुढच्या दोन ग्लासांत परत येतं. पावसाळ्यात मात्र त्याने घामोळं आणि बुरशी नक्की होते.

५. पहिले फोटो नीट काढा

हा टप्पा गाळलात तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे कळणारच नाही. सेल्युलाइट हा निम्मा प्रकाशाचा खेळ आहे. दिवा डोक्यावर असला की प्रत्येक खळग्यात सावली पडते. कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये मांड्या सर्वांत वाईट दिसतात त्या म्हणून. समोरून सपाट प्रकाश आला की तीच मांडी गुळगुळीत दिसते. जाहिरातींतले 'आधी आणि नंतर' बहुतेक इथेच जुळवलेले असतात.

म्हणून एक खिडकी ठरवा, एक वेळ ठरवा. फोन खुर्चीवर मांडीच्या उंचीला ठेवून टायमर लावा. मागून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो स्नायू सैल सोडून आणि तीन स्नायू आवळून. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अंगात पाणी साठतं आणि खळगे जास्त दिसतात, त्यामुळे दर वेळी पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत काढा. कंबरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंतच्या मध्यावर मांडीचा घेरही मोजा आणि वहीत लिहा. पुढचे फोटो चार-चार आठवड्यांनी. रोज आरशात पाहून काही समजत नाही, जीव मात्र कातावतो.

६. वजन उचला

सडपातळ स्त्रीसाठी सगळ्यात जास्त परिणाम या टप्प्याचा आहे. चालणं, झुंबा, सायकल हृदयासाठी उत्तम, चालू ठेवा. पण त्यांनी नितंबांचा स्नायू फारसा वाढत नाही. सूर्यनमस्कारांचंही तेच. शरीराच्याच वजनावर होणारा व्यायाम काही आठवड्यांत सवयीचा होतो आणि स्नायूला वाढायचं कारण उरत नाही. तालमीतल्या बैठका ही चांगली सुरुवात आहे, पण शंभर बैठकांनी दम वाढतो. स्नायू वाढायला बारा बैठकांतच थकवणारं वजन हातात लागतं.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. 'अ' आणि 'ब' आळीपाळीने. एक सेट म्हणजे न थांबता सलग केलेली एक फेरी.

दिवस 'अ':
- गॉब्लेट स्क्वॅट, म्हणजे डंबेल छातीशी उभा धरून बैठक: ३ सेट, ८ ते १२ वेळा
- हिप थ्रस्ट, पाठ दिवाणाला टेकवून आणि वजन ओटीपोटाच्या खाली ठेवून कंबर वर उचलणं: ३ सेट, १० ते १५ वेळा
- पायरीवर चढणं-उतरणं: २ सेट, प्रत्येक पायाने १० वेळा
- टाचा उचलणं: २ सेट, १५ वेळा

दिवस 'ब':
- रोमानियन डेडलिफ्ट: ३ सेट, ८ ते १२ वेळा
- स्प्लिट स्क्वॅट, एक पाय पुढे एक मागे ठेवून खाली जाणं: ३ सेट, प्रत्येक पायाने ८ वेळा
- गुडघ्यांवर बँड घालून आडवं चालणं: २ सेट, प्रत्येक बाजूला १२ पावलं

दोन सेटांत दीड मिनिट विश्रांती. सुरुवातीला पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि वजनाशिवाय एक-एक हलका सेट.

यातलं रोमानियन डेडलिफ्ट नीट जमलं तर मांडीच्या मागच्या भागासाठी त्याला तोड नाही, आणि चुकतंही तेच सर्वांत जास्त. पाय कंबरेइतके फाकवून उभ्या राहा, वजनं मांड्यांना टेकलेली. गुडघे किंचित सैल करा आणि तिथेच थांबवा. आता वाकायचं नाही, कंबर मागे न्यायची. हात भरलेले असताना मागचं दार कंबरेने ढकलून बंद करतो तशी. वजनं मांड्यांवरून घसरत नडगीच्या मध्यापर्यंत येतात. मांडीच्या मागे ताण बसला की थांबा, टाचांवर जोर देऊन उठा. ताण कमरेत जाणवत असेल तर वजनं पायांपासून लांब गेली आहेत किंवा पाठ गोल झाली आहे. वजन निम्मं करा आणि आरशात बाजूने बघत करा.

हिप थ्रस्टमध्ये नितंबांऐवजी मांडीच्या पुढे जळजळ होत असेल तर पावलं जवळ पडली आहेत. वर गेल्यावर नडगी सरळ उभी दिसेल इतकी पुढे घ्या. मांडीच्या मागे वांब येत असेल तर पावलं फार पुढे गेलीत. स्क्वॅटमध्ये गुडघे आत झुकले तर वजन कमी करा आणि गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेने ठेवा.

वजन कधी वाढवायचं? शेवटच्या सेटनंतर आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटायला हवं. पाच-सहा सहज जमली असती तर वजन हलकं आहे. सगळ्या सेटांत वरचा आकडा स्वच्छ गाठला की पुढच्या वेळी १ ते २.५ किलो वाढवा. वहीत लिहिलं नाही तर सहा महिने त्याच पाच किलोंवर अडकून राहणं फार सोपं असतं. व्यायाम करूनही फरक नाही अशी तक्रार असते तेव्हा वहीत पाहिलं, तर बहुतेकदा कारण हेच निघतं.

मांड्या जाड होतील ही भीती सोडा. स्त्रियांचा स्नायू हळू वाढतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जीन्स मांडीला घट्ट वाटेल, कारण नव्या कष्टाने स्नायूत पाणी साठतं. ते ओसरतं. नेमकं याच आठवड्यांत घाबरून व्यायाम सोडला जातो.

गुडघे, कंबर किंवा ओटीपोटाचं दुखणं असेल, बाळंतपण होऊन थोडेच महिने झाले असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून सुरू करा.

७. ताटात प्रथिनं वाढवा

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. ती सर्वसाधारण निरोगी माणसासाठी. वजन उचलून स्नायू वाढवायचा असेल तर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा. ५० किलोच्या बाईला रोज ६० ते ८० ग्रॅम. वरण-भात-भाजी-पोळीच्या ताटात इतकं आपोआप येत नाही.

एका दिवसाचा नमुना, आकडे अंदाजे:

- सकाळी दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ग्रॅम
- दुपारी घट्ट वरणाची वाटी ७, दोन पोळ्या ६, वाटीभर दही ५ ग्रॅम
- चार वाजता मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, ६ ते ७ ग्रॅम
- रात्री १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, किंवा १०० ग्रॅम बांगडा साधारण तितकेच, किंवा ३० ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स १५ ग्रॅम. सोबत दोन भाकऱ्या, ८ ग्रॅम

बेरीज ७० च्या आसपास जाते. अंडी खात नसाल तर सकाळी मुगाचे धिरडे आणि दही.

दोन ठिकाणी हिशेब चुकतो. एक, वरण. चार माणसांच्या पातळ आमटीत मूठभर डाळ असेल तर तुमच्या वाटीत प्रथिनं दोन-तीन ग्रॅमच येतात. वाटी मोजू नका, कोरडी डाळ मोजा, माणशी ३० ग्रॅम. दुसरं, उपवास. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, खिचडीतलं प्रथिन आहे ते दाण्याच्या कुटाचं. नवरात्रात नऊ दिवस व्यायाम चालू ठेवायचा असेल तर दूध, दही, पनीर, राजगिरा आणि दाणे यांवर भर द्या.

त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनासाठी क जीवनसत्त्व लागतं. एक पेरू किंवा एक आवळा पुरतो. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्त कमी असतं. जिना चढताना दम लागत असेल, केस गळत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. फेरिटिन तळाला असेल तर वजन वाढवण्याचा उत्साहच राहत नाही, आणि आपण त्याला आळस समजतो.

कोलॅजन पावडरचं काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०५ स्त्रियांपैकी काहींना रोज २.५ ग्रॅम कोलॅजन पेप्टाइड सहा महिने दिलं गेलं. सामान्य वजनाच्या स्त्रियांत थोडा फरक दिसला. चाचणी लहान आहे, पुरावा तेवढाच. आधी प्रथिनं पुरी करा, मग पैसे उरले तर बघा. आणि कोलॅजन हे प्राणिजन्यच असतं, गाईगुरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. शाकाहारी असाल तर डब्यामागचं बारीक अक्षर वाचा. 'व्हेज कोलॅजन' म्हणून जे मिळतं त्यात कोलॅजन नसतं, जीवनसत्त्वं आणि वनस्पतींचे अर्क असतात.

८. त्वचा जाड करा

ज्या क्रीमला थोडाफार आधार आहे ते म्हणजे ०.३ टक्के रेटिनॉल, अ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्याने त्वचा किंचित जाड होते आणि खालचे खळगे कमी उठून दिसतात. परिणामाला सहा महिने किंवा जास्त लागतात.

पहिला महिना आठवड्यातून दोन रात्री, मग एक दिवस आड. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. एका मांडीच्या मागच्या बाजूला अशा दोन रेघा पुरतात. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब एक दिवस आड लावली तर साधारण महिनाभर जाते. खर्चाचा अंदाज यावरून घ्या. वरून साधं मॉइश्चरायझर.

सावधगिरी:
- गरोदर असाल, प्रयत्न चालू असेल किंवा अंगावर पाजत असाल तर रेटिनॉल नको.
- वॅक्सिंगच्या आठवडाभर आधी बंद करा. नाहीतर पट्टीबरोबर त्वचेचा वरचा पापुद्रा निघतो, आणि आपल्या रंगावर तो डाग महिनोन्महिने राहतो.
- आखूड कपडे घालून उन्हात जाणार असाल तर मांड्यांनाही सनस्क्रीन.
- ट्रेटिनॉइन हे याचं औषधी भावंड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय वापरू नका.

कॅफीनची क्रीम लावल्यावर त्वचा काही तास घट्ट दिसते. कार्यक्रमापुरतं ठीक. अ‍ॅमिनोफायलिन असलेलं क्रीम दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

आणि एक कळकळीचं सांगणं. जांघेत खाज आली की औषधाच्या दुकानातून आणलेली गजकर्णाची ट्यूब मांडीला चोळू नका. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत तीव्र स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी पसरते, आणि त्वचा कागदासारखी पातळ होऊन जन्मभराचे स्ट्रेच मार्क पडतात. आपण सहा महिने रेटिनॉल लावून जे कमवायला बघतो ते यात काही आठवड्यांत जातं.

९. मालिश, उटणं, ब्रश

तेलाने मालिश केल्यावर किंवा उटणं चोळल्यावर रक्त खेळतं, थोडं पाणी सरकतं, त्वचा मऊ होते. खळगे काही तास कमी दिसतात. आवडत असेल तर जरूर करा, रविवारची उत्तम सवय आहे. पण त्याने पट्टे तुटत नाहीत. कोरडा ब्रश, व्हॅक्यूमचे कप, लाटण्यासारखे रोलर यांचंही तेच. जोरात केलं तर निळे डाग आणि फुटलेल्या बारीक शिरा मागे राहतात.

१०. क्लिनिकचा विचार असेल तर

सहा महिने व्यायाम, आहार आणि त्वचेची काळजी झाल्याशिवाय तिकडे वळू नका. तोवर खळगे कमी झाले तर उपचार लागणारी जागाही कमी होते.

काय कशासाठी:

सबसिजन हा पट्ट्याने ओढलेल्या ठळक, सुट्या खड्ड्यांसाठी सर्वांत थेट उपाय. उभं करून खड्ड्यांवर खुणा करतात, जागा बधिर करतात, सुईने किंवा बारीक पात्याने त्वचेखालचा पट्टा कापतात. याच तत्त्वावरच्या एका यंत्राचा परिणाम अमेरिकेत तीन वर्षांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. त्यानंतर दोन ते चार आठवडे काळेनिळे डाग, दुखणं, दाब देणारी शॉर्ट. सडपातळ स्त्रीने इथे जास्त जपायला हवं: चरबीचा थर पातळ असतो, आणि सैलपणामुळे आलेल्या लाटांवर सबसिजन केलं तर त्वचा आणखी ओघळते. दुसऱ्या टप्प्यातली हाताने वर ओढायची चाचणी आठवा. खळगे वर ओढल्यावर जात असतील तर सबसिजनला नाही म्हणा.

सैलपणासाठी रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे त्वचा आतून तापवून आवळणं, किंवा त्वचेत कोलॅजन वाढवणारं, पातळ केलेलं कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचं इंजेक्शन. फरक मध्यम, पुन्हा पुन्हा करावं लागतं. शॉकवेव्हला, म्हणजे ध्वनिलहरींच्या धक्क्यांच्या उपचाराला, बरेच सेशन लागतात, फरक सौम्य, त्रासही कमी.

काय घ्यायचं नाही: लायपोसक्शन चरबी काढतं, खळगे नाही, बारीक मांडीवर ते केलं तर त्वचा आणखी उंचसखल होऊ शकते. चरबी गोठवण्याचं यंत्रही यासाठी नाही. मेसोथेरपीच्या कॉकटेल इंजेक्शनांत काय मिसळलंय हे कुणी सांगत नाही, गाठी आणि संसर्ग मात्र होतात. पट्टे विरघळवणाऱ्या कोलॅजिनेजचं इंजेक्शन अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं होतं, तेही फक्त नितंबांसाठी. डाग आणि रंगबदल यांमुळे कंपनीने ते दोन-अडीच वर्षांत बाजारातून काढलं. आज कुणी ते 'इंपोर्टेड' म्हणून देत असेल तर उठून या.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा धोका वेगळा लक्षात घ्या. सुई, उष्णता, लेसर कशानेही दाह झाला की काळसर डाग राहतो, आणि रक्त साकळलेल्या जागी तपकिरी छटा महिनोन्महिने जात नाही. खळगा गेला आणि डाग आला, असा सौदा नको. म्हणून गोऱ्या परदेशी त्वचेचे नव्हे, आपल्या रंगाच्या त्वचेचे, तीन महिन्यांनंतरचे फोटो दाखवा म्हणा.

डॉक्टर कोण हे आधी बघा. त्वचेसाठी एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी. प्लास्टिक सर्जनसाठी एमसीएच किंवा डीएनबी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा गोवा मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी क्रमांक तपासा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही वैद्यकीय पदवी नाही. सल्ला डॉक्टरांनी दिला आणि सुई दुसऱ्याच कुणी धरली, असं होणार नाही हे विचारून घ्या.

सोबत न्यायचं आणि मागून घ्यायचं:

- चालू औषधांची यादी. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, फिश ऑइल विसरू नका. आपल्या मनाने बंद मात्र करू नका
- अ‍ॅलर्जी, जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची सवय, मधुमेह असल्यास त्याची माहिती
- स्वतः काढलेले चार-चार आठवड्यांचे फोटो
- मराठीत किंवा समजेल त्या भाषेत संमतिपत्र, सही करण्याआधी घरी वाचायला
- यंत्राचं किंवा इंजेक्शनचं नाव, बॅच क्रमांक, तपशीलवार बिल

मेडिक्लेममध्ये सौंदर्योपचार धरत नाहीत, खर्च खिशातून आहे असंच गृहीत धरा. दहा सेशनच्या पॅकेजचे सगळे पैसे आगाऊ भरू नका. एक-दोन सेशनचे भरा, परिणाम आणि डाग पाहा, मग ठरवा. 'आज भरलं तर निम्म्यात' हे ऐकलं की उद्या येते म्हणून निघा. लग्न किंवा समुद्रकिनाऱ्यावरची सहल ठरलेली असेल तर शेवटचा उपचार त्याच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवा.

उपचारानंतर ताप, वाढत जाणारी लाली, एका जागी फुगत जाणारी दुखरी सूज, किंवा पोटरी दुखून दम लागणं यांपैकी काही झालं तर क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. थेट रुग्णालयात जा.

११. किती दिवसांनी काय दिसेल

चार आठवड्यांत ताकद वाढते, मांडी तशीच दिसते. बारा आठवड्यांच्या फोटोत नितंबांखालची घडी वर सरकलेली दिसायला लागते आणि पहिल्या प्रतीचे खळगे सौम्य होतात. सहा महिन्यांत त्वचेचा फरक जोडला जातो. बारा आठवड्यांनी फोटोत काहीच बदल नसेल तर आधी वही उघडा: वजन वाढलंय का, प्रथिनं रोज ६० ग्रॅमच्या वर जातात का, आठवड्यातले तीनही दिवस झालेत का.

मनासारखा फरक दिसला की तीनवरून एका दिवसावर येता येतं. स्नायू टिकवायला वाढवण्यापेक्षा खूप कमी काम लागतं. फक्त त्या एका दिवशी वजन तेच जड ठेवा, सेट कमी केले तरी चालतील.